अग्निबाणाचे पाट-पाणी



पाहुणा दारी आला म्हणजे आपल्या घरांतून पूर्वी पहिली हाक ऐकू येई ती "पाट-पाणी घ्या" अशी. भात शिजला आहे की नाही हे मागाहून पाहिले जाई. पाट मांडला, तांब्या भरून ठेवला, म्हणजे अर्धे आदरातिथ्य पार पडले असे समजत. आज ज्या पाहुण्याविषयी लिहावयाचे आहे, तो जेवावयास बसणारा नाही, उडून जाणारा आहे. त्याचे नाव अग्निबाण. मुलांच्या तोंडी रॉकेट. परंतु त्यालाही आधी पाट लागतो. पाट नीट मांडला तर खेळ होतो. न मांडला तर अपघात होतो. एवढी एकच गोष्ट आजच्या लेखात सांगावयाची आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भूमीवर उतरले. ज्या मुलाने ते दृश्य पडद्यावर पाहिले, त्याच्या मनात आपणही काही उडवावे असे आले नसेल, तरच नवल. ही इच्छा वाईट नव्हे. परंतु मोठी माणसे तिच्याशी बहुधा दोन रीतींनी वागतात. कोणी "गप्प बैस आणि अभ्यास कर" म्हणून तिचा गळा दाबतो. कोणी आपल्या कामात गढून जातो आणि मुलगा परसात काय करतो आहे, हे पाहातच नाही. दाबलेली जिज्ञासा विझते किंवा लपून वाढते; आणि लपून वाढलेली जिज्ञासा फुटक्या फटाक्यांतील दारू नळीत ठासू लागते. त्यापुढे काय होते, हे वाचकांस सांगावयास नको.

हा अनुभव एका संबंध राष्ट्राने घेतला आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतील मुले वेडी झाली. तळघरांत, मोटारींच्या गोठ्यांत लोखंडी नळ्या दारूने आणि इतर ज्वालाग्राही मिश्रणांनी भरल्या जाऊ लागल्या. कित्येकांची बोटे गेली, कित्येकांचे डोळे गेले, काही प्राणांसही मुकले. त्या सुमारास न्यू मेक्सिको येथील व्हाइट सँड्सच्या प्रक्षेपण-क्षेत्रात काम केलेले जी. हॅरी स्टाइन नावाचे एक गृहस्थ या अपघातांविरुद्ध लिहीत असत. त्यांना साहाय्य मिळाले ते कोणा मोठ्या शास्त्रज्ञाचे नव्हे. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल हे जोड्यांचे दुकान चालवीत असत. त्यांचे बंधू रॉबर्ट हे नमुन्याची विमाने करीत आणि व्याख्यानेही देत. बंधूंच्या व्याख्यानांस उपयोगी पडावा म्हणून या दुकानदाराने १९५४ साली कागदाच्या नळीचा एक लहान बाण तयार केला. त्यातील दारूची कांडी आधीच तयार करून बंद केलेली असे, आणि वर गेलेला बाण छत्रीच्या आधाराने खाली येत असे. स्टाइन यांनी तो पाहिला, आणि त्यातूनच सुरक्षित छंदाचा पाया घातला गेला.

परंतु केवळ बाण बदलून भागले नाही. बाणाखालचा पाटही बदलावा लागला. त्या छंदात वापरला जाणारा पाट अगदी साधा असतो. तीन पायांची तिवई, तिच्यावर उभी केलेली सुमारे ३ मिलिमीटर जाडीची, हातभराहून लांब पोलादी सळई आणि सळईच्या बुडाशी ज्वाला अडविणारा पत्रा. बाणाच्या अंगास चिकटविलेली कागदी नळकांडी त्या सळईत ओवतात. याचे कारण असे की, बाणाचे पंख हवा वेगाने वाहू लागल्यावरच आपले काम करतात. सुटण्याच्या पहिल्या क्षणी ते निरुपयोगी असतात. तेवढा क्षणभर सळई बाणाचा हात धरते, जसा आपण पाऊल टाकू लागलेल्या बाळाचा धरतो. आणि बत्ती काडीने लावावयाची नसते. विजेच्या तारेने, निदान १५ फूट दूर उभे राहून, किल्ली घातल्यावाचून चालू न होणाऱ्या बटणाने ती लावतात. पाटाचे खरे काम हे आहे, वाचकहो. बाण सरळ सोडणे हे त्याचे एक काम, आणि माणसाचा हात बाणापासून दूर ठेवणे हे दुसरे व अधिक मोठे.

आपल्या देशाच्या पहिल्या मोठ्या अग्निबाणाचीही कथा या पाटाशी निगडित आहे, आणि ती आपल्या समाजाच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. केरळमधील थुंबा हे कोळ्यांचे गाव पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ वसलेले असल्यामुळे डॉ. विक्रम साराभाई यांना ते प्रक्षेपणासाठी हवे होते. तेथे मग्दालिया मरिया हिच्या नावाचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या उपासनेत लोकांपुढे ही मागणी मांडली आणि लोकांनी "आमेन" म्हणून संमती दिली, असे डॉ. अब्दुल कलाम पुढे अनेकदा सांगत. चर्चची इमारत कार्यालय आणि कर्मशाळा बनली. आज तेथे अवकाश-संग्रहालय आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी तेथून 'नायके-अपाचे' हा अमेरिकेहून आलेला बाण सोडावयाचा होता. बाणाची जुळणी आणि सुरक्षितता यांचा भार तरुण कलामांवर होता. याऱ्याने बाण उचलून पाटावर ठेवीत असता याऱ्यातील तेल गळू लागले आणि बाण कलू लागला. दुरुस्तीस वेळ नव्हता. तेव्हा सर्वांनी आपल्या हातांनी तो उचलून प्रक्षेपकावर नीट बसविला, असे कलामांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. एवढी मोठी विद्या, परंतु घाईची घडी आली तेव्हाही "पाटावर कसाही टेकवून सोडून द्या" असे कोणी म्हटले नाही.

आता आपल्या घराकडे वळू. दारूचा बाण आपल्याला करावयाचा नाही. १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणे हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी शहाणपण आहेच. आपण जो बाण उडविणार, त्यात अग्नी मुळीच नाही. आहे ते पाणी आणि हवा. शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली एक तृतीयांश पाण्याने भरावी, उलटी करावी, आणि पंपाने तिच्यात हवा कोंबावी. बाटली मोकळी झाली की कोंडलेली हवा पाण्याला खाली ढकलते, आणि पाणी जितक्या जोराने खाली जाते तितक्याच जोराने बाटली वर जाते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. पाणी फार घातले तर हवेला जागा उरत नाही, आणि मुळीच न घातले तर खाली फेकावयास वजन राहात नाही. म्हणून तिसरा हिस्सा बरा.

हा खेळ मुले पुष्कळदा बुचात सुई खुपसून आणि बाटली हातात धरून करतात. बूच केव्हा सुटेल याचा नेम नसतो, आणि तोंड त्या वेळी बाटलीवर वाकलेले असते. म्हणून पाट हवा. त्याची कृती अशी:

पाट. घरातील जुना, आता कोणी न बसणारा लाकडी पाट घ्यावा. फूटभर रुंद आणि दीड फूट लांब असला म्हणजे पुरे. मधोमध दोन इंच व्यासाचे भोक पाडावे. पाटाचे पाय आखूड असतात; म्हणून चार कोपऱ्यांस चार इंच उंचीचे ठोकळे बोल्टने जोडावेत, म्हणजे ने-आण करताना ते काढता येतात. भोकावर एक जाड लोखंडी पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकांस स्क्रूने आवळावी.

बूच. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसले रबरी बूच, बाटलीच्या तोंडात अर्धेअधिक घट्ट बसेल असे, आणावे. पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलच्या फाटलेल्या ट्यूब पडलेल्या असतात. त्यांतील लांब दांड्याचे दोन धातूचे व्हॉल्व्ह, भोवतीच्या रुपयाएवढ्या रबरासह, कापून घ्यावेत. एका व्हॉल्व्हमधील पिन काढून टाकावी. बुचास मधोमध भोक पाडून हा बिनपिनेचा व्हॉल्व्ह बुचाच्या निमुळत्या बाजूने आत घालावा. त्याचा दांडा बुचातून आणि लोखंडी पट्टीतील भोकातून खाली यावा, आणि खालून नट आवळावा. व्हॉल्व्हचे रबर वरून बुचास दाबून बसते, त्यामुळे हवा निसटत नाही.

नळी. व्हॉल्व्हच्या खालच्या टोकास हवेचा दाब सोसणारी पाच मीटर लांबीची नळी क्लिपने आवळावी. नळीच्या दुसऱ्या टोकात दुसरा व्हॉल्व्ह, पिनेसह, तसाच क्लिपने बसवावा. पंप लावावयाचा तो येथे, बाटलीजवळ नव्हे. या रचनेचा दुसरा लाभ असा की, काही बिनसले तर बाटलीजवळ न जाता याच टोकाची पिन खिळ्याने दाबावी, म्हणजे पाणी आणि हवा नळीतून मुकाट्याने बाहेर येतात.

चाप. बाटलीच्या मानेवर एक कडे असते, ते प्रत्येकाने पाहिलेले आहे. बाटली बुचावर उलटी दाबून बसविली की हे कडे बुचाच्या जरा वर येते. चार मिलिमीटर जाडीची तार चिमट्यासारखी वाकवावी. तिच्या दोन भुजांमधील अंतर असे ठेवावे की मान त्यात मावेल, परंतु कडे त्यातून वर निसटणार नाही. या भुजा जागेवर राहाव्यात म्हणून बुचाच्या भोवती चार काटकोनी पट्ट्या पाटावर स्क्रूने बसवाव्यात. दोन मानेच्या अलीकडे आणि दोन पलीकडे. पट्ट्यांतील भोके कड्याच्या किंचित वरच्या पातळीवर असावीत. चिमटा त्या भोकांतून सरकविला म्हणजे बाटली अडकते. ओढून काढला म्हणजे सुटते.

हा चाप किती जोर सोसतो, याचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. बाटलीच्या तोंडाचे क्षेत्रफळ अर्ध्या चौरस इंचाहून थोडे अधिक असते. आत दर चौरस इंचास ५० पौंड दाब असला, तर बाटली सुमारे २९ पौंड, म्हणजे १३ किलो जोराने वर जाऊ पाहाते. आणि पाण्यासह तिचे स्वतःचे वजन एक किलोही नसते. १३ किलोचे पोते ज्या तारेने पेलवत नाही, ती तार येथे चालणार नाही. तार कानशीने गुळगुळीत करून तेलाचे बोट फिरवावे, नाहीतर ती ओढताना अडते.

दोरी. चिमट्याच्या वाकलेल्या टोकास पाच-सहा मीटरची दोरी बांधावी आणि ती पाटाच्या कडेवरील गोल कडीच्या स्क्रूतून ओवून न्यावी, म्हणजे ओढ सरळ बसते. दोरीच्या हिसक्याने पाट सरकू नये म्हणून कोपऱ्यांतील भोकांतून फूटभर लांबीच्या, वरून वाकविलेल्या सळया जमिनीत ठोकाव्यात. कातळ असेल तर कोपऱ्यांवर जड दगड ठेवावेत. पाट सपाट बसला की नाही, हे गवंड्याच्या पाणसळीने पाहावे; वाकडा पाट बाणाला शेजाऱ्याच्या कौलांवर धाडील.

बाण करणे त्यामानाने सोपे. पुठ्ठ्याचे तीन पंख बाटलीच्या तोंडाकडील अंगास चिकटपट्टीने लावावेत, मात्र चापाच्या वाटेत येऊ देऊ नयेत. वरच्या टोकास चिंध्यांचा मऊ गोळा बांधावा. वजन पुढे आणि पंख मागे, ही जी तिराची रीत, तीच येथे. गरम करून चिकटविण्याचा गोंद वापरू नये. उष्णतेने बाटली दुबळी होते. बाटली शीतपेयाचीच हवी. साध्या पाण्याच्या पातळ बाटल्या दाबासाठी केलेल्या नसतात. आणि काच किंवा धातू यांचे तर नाव काढू नये, कारण फुटल्यास त्यांचे तुकडे सुरीसारखे लागतात.

पाट तयार झाला म्हणजे लगेच उड्डाण करण्याचा मोह मुलांस होईल. तेथे वडिलधाऱ्यांनी थांबवावे. पहिली परीक्षा काठोकाठ पाण्याने भरलेल्या बाटलीची. हवा दाबली म्हणजे ती ताणलेल्या धनुष्यासारखी शक्ती साठविते. पाणी फारसे दबतच नाही, म्हणून ते शक्ती साठवीत नाही. पाण्याने भरलेली बाटली फुटली तरी फार तर कपडे भिजतील. बूच गळते का, चाप वाकतो का, क्लिपा धरतात का, हे सर्व या परीक्षेत निमूटपणे कळते. मोठ्या कारखान्यांत हवेच्या टाक्यांची परीक्षा याच तत्त्वावर घेतात.

मग उड्डाणाचा दिवस. पीक निघालेले शेत किंवा शाळेचे मैदान बरे. विजेच्या तारा, रस्ता आणि गवताची छपरे जवळ नसावीत. दाब दाखविणारा पायपंप मिळवावा, विकत न घेता एखाद्या गाडीवाल्याकडून तासभर मागून आणला तरी चालेल. ५० पौंडांच्या वर काटा जाऊ देऊ नये. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने शिक्षकांसाठी काढलेल्या पुस्तिकेतही अशा पाटास हीच मर्यादा घातली आहे. पंप मारणारा आणि दोरी ओढणारा यांनी डोळ्यांवर चष्मा लावावा. बाकीच्यांनी त्यांच्याही मागे पंधरा पावले उभे राहावे. हवा भरू लागल्यापासून बाण सुटेपर्यंत पाटाजवळ कोणीही जावयाचे नाही; चेंडू गेला तरी नाही, कोकरू गेले तरी नाही. तसे घडल्यास आधी दूरच्या टोकाची पिन दाबून दाब सोडावा. सर्वांस ऐकू जाईल असे पाचापासून एकापर्यंत उलटे मोजावे आणि मग दोरी ओढावी. बाण खाली येईपर्यंत सर्वांनी वर पाहावे; तो झेलण्याचा प्रयत्न करू नये. दहा-बारा उड्डाणांनंतर, किंवा बाटलीवर ओरखडा अथवा पांढरी रेघ दिसताच, ती टाकून द्यावी. झाडावरील बाण काठीने काढावा. तारेवर अडकलेला बाण तेथेच सोडून द्यावा.

या पाटाचे वजन फारसे नसते. ठोकळे सोडवून, दोरी आणि नळी गुंडाळून, तो सायकलीच्या मागे बांधता येतो. त्यात लाज मानण्याचे कारण नाही. थुंबा येथेही आरंभीच्या काळात बाणांचे भाग सायकलीवरून नेत असत; ती छायाचित्रे आज जगभर आदराने पाहिली जातात. सामानापैकी पाट घरचा, व्हॉल्व्ह पंक्चरवाल्याच्या कचऱ्यातील, बाटली उकिरड्यावर जाणारी. विकत घ्यावयाचे ते बूच, नळी, क्लिपा आणि थोडे लोखंडी सामान. ज्या घरी हातात पैसा बेताचा, त्या घरच्या मुलालाही हे शक्य आहे. आणि दोन-तीन घरांनी मिळून केला तर एकच पाट सबंध वाडीला पुरतो.

शेवटी आईबापांस एक विनंती. दोरी मुलाच्या हाती द्या. परंतु "आता ओढ" असे म्हणण्याचा अधिकार पहिल्या काही उड्डाणांत आपल्याकडे ठेवा. मुलगा हिरमुसेल, पाय आपटील. पण एके दिवशी असे होईल की सर्व सिद्धता झालेली आहे, काटा ५० वर टेकलेला आहे, सारी पोरे "सोड, सोड" म्हणून ओरडत आहेत, आणि शेजारचे एक लहान पोर धावत पुढे जात आहे. तेव्हा तुमचा मुलगा तुमच्याकडे न पाहाता दोरी खाली ठेवील, दुसऱ्या टोकाशी जाऊन खिळ्याने पिन दाबील, आणि सगळी हवा फुकट घालवील. त्या दिवशी बाण उडणार नाही. परंतु त्या दिवसापासून "आता ओढ" हे म्हणण्याचा अधिकार त्याला खुशाल द्यावा.